पोलिसांना शिकवणार कोण?

पोलीस स्टेशनातून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या नवऱ्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलंय. उतरली की घेऊन जा." मी नाव पुन्हा विचारलं. त्याने ते मोडूनतोडून वाचलं, पण ते ह्यांचंच होतं.

ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. कंपनीच्या पार्टीतसुद्धा हातात संत्र्याच्या रसाचा ग्लास असायचा. पण पुण्यात इंजिनिअरिंगला होते तेव्हापासून त्यांना मधुमेह होता. आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी इन्सुलिनच्या बाटल्या असायच्या. इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला की साखर एकदम खाली जायची. मग दरदरून घाम, थरथर, जड जीभ, वेडीवाकडी चाल. मला ते नुसत्या आवाजावरून ओळखता यायचं. ज्याला माहीत नाही त्याला हा माणूस प्यालेलाच वाटणार.

मी रसाचा डबा उचलला, मुलीला शेजारच्या आजीबाईंकडे पाठवलं आणि पिठाच्या हातांनीच गाडी काढली.

ऐंशीच्या दशकातल्या ओहायोमधलं आमचं ते गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, धान्य साठवायचे उंच सायलो, ह्यांची फॅक्टरी आणि चार चर्च. भारतीय म्हणजे आम्ही तिघंच. हिंग-हळद आणायला कोलंबसला जावं लागे. स्टेशनात त्याआधी मी एकदाच गेले होते, मुलीच्या शाळेच्या ट्रिपबरोबर.

काउंटरवरचा पोलीस म्हणाला, "आत्ता भेटता येणार नाही." मी म्हटलं, "ते प्यालेले नाहीत. त्यांना मधुमेह आहे. मला आत सोडायचं नसेल तर ह्या क्षणी अँब्युलन्स बोलवा. आणि मी हे तुम्हाला सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेवा." सांगलीच्या शाळेत मी आठ वर्षं विज्ञान शिकवलं होतं. वर्गातला तो आवाज अमेरिकेत आल्यापासून मी वापरलाच नव्हता. तो त्या दिवशी आपोआप निघाला. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ल्या घेतल्या.

हे बाकावर आडवे होते. शर्ट घामाने चिंब, गालावर खरचटलेलं, मनगटं लाल. मधुमेह असल्याचं लिहिलेलं स्टीलचं कडं डाव्या मनगटातच होतं. बेड्या त्याच्यावरूनच घातल्या होत्या, तरी कुणी ते वाचलं नव्हतं. मी डोकं मांडीवर घेऊन घोटघोट रस पाजला. हळूहळू नजर स्थिर झाली. मग त्यांनी मराठीत विचारलं, "गाडी कुठे आहे?"

त्यांना सोडून दिलं. खटला नाही, काही नाही. काउंटरवरचा म्हणाला, "गैरसमज झाला." बस, एवढंच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "विषय संपला. फॅक्टरीत कुणाला कळता कामा नये." कोलंबसच्या महाराष्ट्र मंडळातले एक ज्येष्ठ डॉक्टर होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांना मी फोन केला. त्यांनी ह्यांची सगळी चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "हे बघ पोरी, आपण इथे बाहेरचे. पोलिसांशी वाकडं घेऊ नकोस. जीव वाचला ना, मग झालं."

पण मला ते झालं असं वाटेना. फोन आला नसता तर? कुणी म्हणालं असतं, झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. सकाळी बाकावर काय सापडलं असतं हे मला विज्ञानाची मास्तरीण म्हणून नेमकं माहीत होतं. भांडी घासताना, लायब्ररीतल्या माझ्या नोकरीत पुस्तकं लावताना ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शेजारच्या आजीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "तक्रार करून एकाला ओरडा बसेल. तुला काय हवंय ते आधी ठरव." मी म्हटलं, "पोलिसांना हे ओळखायला शिकवावं." त्या म्हणाल्या, "मग गावच्या कौन्सिलपुढे जा. दर महिन्याच्या सभेत कुणीही उभं राहून बोलू शकतं. तीन मिनिटं देतात."

ह्यांना मी एवढंच वचन दिलं की नाव घेणार नाही. ते म्हणाले, "तुला हवं ते कर. मी येणार नाही."

माझं इंग्रजी पुस्तकी. बारा वर्षांची लेक समोर घड्याळ घेऊन बसायची आणि मला थांबवायची, "आई, यू आर टॉकिंग टू फास्ट." मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पहिल्या सभेत माझ्याआधी रस्त्यावरचे खड्डे आणि कुत्र्यांचं भुंकणं झालं. मग मी माइकसमोर गेले. माइक उंच होता, तो खाली कसा करायचा ते कळेना, म्हणून टाचा उंचावून बोलले. ह्या गावातल्या एका रहिवाशाला काय झालं ते सांगितलं आणि मागणी केली की मधुमेह, फिट्स असे आजार दारूसारखे कसे दिसतात याचं प्रशिक्षण प्रत्येक पोलिसाला सक्तीचं करा.

कौन्सिलमध्ये हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक सभासद होते. ते म्हणाले, "मॅडम, पोलिसांनी आता डॉक्टर व्हायचं का? त्या माणसाने हातात कडं घालावं, झालं."

"घातलं होतं," मी म्हटलं. "त्याच्यावरच बेड्या घातल्या."

हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. तेवढ्यात मागून एक माणूस उठला. तो म्हणाला, त्याच्या बहिणीला एका प्यालेल्या ड्रायव्हरने उडवलं होतं. ती पुन्हा घरी आलीच नाही. "पोलिसांनी रस्त्यावर थांबून विचार करत बसावं असं मला वाटत नाही. संशय आला की पकडावं." त्याचा आवाज फाटला होता. माझी तीन मिनिटं संपली होती. सभासदांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि ते पार्किंगच्या पट्ट्यांकडे वळले.

महिनाभर मी त्या माणसाशी मनातल्या मनात बोलत होते. तो चुकीचं बोलला असं मला एकदाही वाटलं नाही. दरम्यान आजीबाईंनी मला एका बाईकडे नेलं. तिच्या तरुण मुलाला फिट्स यायच्या. एकदा दुकानात फिट आली तेव्हा पोलिसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं होतं. ती म्हणाली, "मी आजवर गप्प बसले. तू बोलत असशील तर मी बाजूला उभी राहीन." आजीबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "बाजूला नाही. तूही बोलायचंस."

दुसऱ्या सभेला हॉल भरला होता. गावच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या होत्या. ह्या वेळी पोलीसप्रमुखही आले होते. उंच, दमल्यासारखा दिसणारा माणूस. ते शांतपणे बोलले. "पोलीस अकॅडमीत सगळं शिकवतात, माझी माणसं कमी आहेत, रस्त्याकडेला निर्णय क्षणात घ्यावा लागतो." मग म्हणाले, "त्या दिवसाबद्दल मी माझ्या ऑफिसरला स्वतः विचारलं आहे. तो माणूस नुसता झोकांड्या खात नव्हता. तो शिवीगाळ करत होता. ऑफिसरच्या तोंडावर पुन्हा पुन्हा 'सकर' म्हणत होता. तरी माझ्या माणसाने हात उगारला नाही."

'सकर' म्हणजे मूर्ख, बावळट. हे आणि शिवी? घरात रागावले तरी हे फार तर पेपर जोरात मिटायचे. मी ते कोडं सोडवत बसले होते आणि एकदम तो शब्द मला ह्यांच्या जड आवाजात ऐकू आला.

माझी पाळी नव्हती, तरी मी उठले. सभा चालवणाऱ्या महापौरबाई म्हणाल्या, "तुम्ही नंतर—" मी म्हटलं, "एकच वाक्य." त्यांनी मान हलवली.

"तो शिवी देत नव्हता," मी म्हटलं. "आमच्या भाषेत शुगरला साखर म्हणतात. साखर. तो साखर मागत होता."

पोलीसप्रमुख माझ्याकडे बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "ओह, गॉड." माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर मी रीतसर बोलायला उभी राहिले तेव्हा भाषण बाजूला ठेवलं. आधी त्या बहीण गमावलेल्या माणसाला शोधलं. तो मागच्या रांगेत होता. मी म्हटलं, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझी मुलगी ह्याच रस्त्यांवर सायकल चालवते. प्यालेला माणूस सुटावा असं मला वाटत नाही. पकडाच. पण पकडल्यावर मनगट बघा, खिसा बघा, गोड काही हवंय का विचारा. शंका आली तर अँब्युलन्स बोलवा. प्यालेला माणूस तेवढ्या वेळात पळून जाणार नाही. पण मधुमेहाचा माणूस तेवढ्यात जाऊ शकतो." त्याने हो म्हटलं नाही, पण ह्या वेळी तो उठून बोललाही नाही. फिट्सवाल्या मुलाची आई माझ्यानंतर बोलली. दुकानातला तो दिवस तिने पहिल्यापासून सांगितला.

तरीही मंजुरी लगेच मिळाली नाही. हार्डवेअरवाले सभासद म्हणाले, ऐच्छिक ठेवा, ज्याला यायचंय तो येईल. मी म्हटलं, "ज्याला यायचं नाही त्याच्याच गाडीत माणूस मरेल." शेवटी मतदान तिसऱ्या सभेत घ्यायचं ठरलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं; नाव घेतलं नव्हतं, पण आता सगळ्यांना कळलं होतं. त्यांना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. मग स्वतःशीच म्हणाले, "साखर मागितली होती तर मी." दिव्याखाली बसून त्यांनी चष्मा कितीतरी वेळ पुसला.

काकांचा फोन आला. बातमी कोलंबसपर्यंत पोचली होती. मला वाटलं, आता रागावणार. काका म्हणाले, "मला आधी विचारायचं नाही का? इन्सुलिनचं मी नीट समजावून सांगितलं असतं." मी म्हटलं, "काका, मग या ना." ते खरंच आले, सूट-टाय घालून. त्यांनी कौन्सिलला चार वाक्यांत सगळं समजावलं. पाचवं वाक्य सुरू करणार तोच त्यांची तीन मिनिटं संपली, ह्याचं त्यांना पुढे कित्येक वर्षं वाईट वाटत होतं. ठराव सक्तीच्या प्रशिक्षणासह मंजूर झाला, एकमताने नाही, पण झाला.

शिकवणार कोण हा प्रश्न निघाला तेव्हा पोलीसप्रमुखांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या बाई शिक्षिका आहेत ना?"

फायर स्टेशनच्या हॉलमध्ये वर्ग भरला. हॉस्पिटलच्या एका नर्सने अर्धा भाग घेतला, अर्धा मी. गणवेशातली माणसं छोट्या घडीच्या खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसली होती. सांगलीची नववी ब मला आठवली. तिथेही सुरुवातीला असंच असायचं.

वर्ग सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, दार उघडलं आणि हे आत आले. मला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. फॅक्टरीचा बिल्ला अजून शर्टावर होता. ते पुढे आले आणि म्हणाले, "मी तो माणूस. मला तसं होतं तेव्हा मी कसा दिसतो हे मला माहीत नाही. इथे कुणी पाहिलं असेल तर त्याने सांगावं."

कडेला बसलेला एक तरुण ऑफिसर उभा राहिला. पंचविशीतला असेल. कान लाल झाले होते. तो म्हणाला, "बाहेर बर्फ होतं आणि तुम्हाला घाम फुटला होता, सर. मला ते विचित्र वाटलं होतं. पण मी त्याचा विचार केला नाही. तोंडाला दारूचा वासही नव्हता." मग तो म्हणाला, "आय ॲम सॉरी." ह्यांनी हात पुढे केला. मी फळ्यावर लिहिलं: थंडीत घाम, वास नाही. त्या दिवशीचा सगळ्यांत चांगला धडा त्या दोघांनीच दिला.

पहिला प्रश्नही त्याच ऑफिसरने विचारला. "पण मॅडम, खात्री कशी करायची?"

"रस्त्यावर खात्री होणार नाही," मी म्हटलं. "खात्री हॉस्पिटलात होते. तुम्ही फक्त शंका घ्यायची."

त्यानंतर पहिला प्रसंग आला तो उन्हाळ्यात. गाडी कडेला लावून एक बाई स्टिअरिंगवर कलंडली होती. पोलिसांनी अँब्युलन्स बोलावली, तिला हॉस्पिटलला नेलं. तपासलं तर साखर उत्तम, रक्तात दारू. पोलीसप्रमुखांनी मला फोन करून हे सांगितलं तेव्हा ते हसू आवरत होते.

हार्डवेअरवाल्या सभासदांना हसू आलं नाही. पुढच्या सभेत त्यांनी विषय काढलाच. "बघा, एका दारुडीसाठी अँब्युलन्स पळवली. हे प्रशिक्षण म्हणजे नुसता वेळेचा अपव्यय."

मी उठले. आता माइक खाली कसा करायचा ते मला येत होतं.

"त्या बाईवर खटला झाला का?" मी विचारलं.

"झाला," पोलीसप्रमुख म्हणाले.

"लायसन्स गेलं?"

"गेलं."

"आणि ती जिवंत आहे?"

"आहे."

"मग मला यात काही चुकलेलं दिसत नाही," मी म्हटलं. "त्या दिवशीच्या ऑफिसरला माझ्या वर्गात पैकीच्या पैकी गुण. आता पुढच्या वर्षी नवी माणसं भरती होतील. त्यांच्या वर्गाची तारीख आजच ठरवून द्या. मला लायब्ररीतून रजा काढावी लागते."

महापौरबाईंनी कॅलेंडर मागवलं.