पावण्याचं पथ्य

आमच्या घरात सगळ्यात कडक पथ्य कुत्र्याचं आहे.

उचगावच्या नातेवाइकांकडून हे पिल्लू बाजाराच्या पिशवीतून आलं, तेव्हा सासरे दारातच म्हणाले, "या पावणं, बसा." तेव्हापासून ते पावणंच. आम्हा बाकीच्यांच्या जेवणाच्या वेळा चार दिशांना. निवृत्त झालेल्या सासऱ्यांना एकट्यानं जेवण जात नाही, म्हणून पावणं शेजारी बसायचं. भाकरीचा एक घास इकडे, एक तिकडे. अर्थात रश्श्यात बुडवून.

मग पावणं मलूल पडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी खाणं विचारलं, मी सांगितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तावर उठतो, शिजवलेलासुद्धा. गाजर, लाल भोपळा, बीन्स उकडून द्या, मीठ-मसाला काही नको, म्हणाले.

सासरे भडकले. "कांदा-लसूण न्हाय? अगं कोल्हापुरात ऱ्हातंय की ते! कुत्र्याला कधी चातुर्मास असतोय व्हय?"

पण आतून घाबरले होते. दुसऱ्या दिवशी बघते तर मटणाची फोड नळाखाली धरून खसाखसा धुताहेत. मी ओरडलेच, "मामा, मटण आहे ते, पायपुसणं नव्हे! कांदा आतपर्यंत मुरलाय." ती धुतलेली फोड मग त्यांनाच खावी लागली.

पावण्याला मी वेगळ्या ताटलीत भोपळा दिला. त्यानं वास घेतला आणि माझा आहेर परत केल्यासारखी पाठ फिरवली. गाजराकडे तर बघितलंही नाही. सासरे जेवायला बसले की हनुवटी त्यांच्या पायावर टेकून उपाशी पडून राहायचं. मग त्यांच्याही घशाखाली घास उतरेना. मला दोघांचा राग यायचा आणि दोघांसाठी जीवही तुटायचा.

शेवटी एका दुपारी सासऱ्यांनी ती ताटली स्वतःच्या ताटात उपडी केली. भोपळ्याचा घास तोंडात घातला, डोळे मिटले, गिळला.

"झ्याक हाय की ओ पावणं!" ते धडधडीत खोटं बोलले.

पुढचा घास पावण्यानं त्यांच्या हातातून गपकन उचलला. त्यावर गाजरही मटामटा संपवलं.

रविवारी तांबडा रस्सा उकळत होता. सगळं घर वासानं वेडं झालेलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "आमा दोघास्नी भोपळा वाढ गं. मीठ नगो, त्येला चालत न्हाय."

माझे डोळे भरून आले. सासूबाईंना मी म्हटलंसुद्धा, असा माणूस शोधून सापडायचा नाही.

जेवणानंतर पावणं ओसरीवर घोरायला लागलं. मी भांडी घेऊन स्वयंपाकघरात शिरले, तर फ्रिजच्या आडोशाला सासरे उभे. रश्श्याची वाटी तोंडाला, कपाळावर घाम.

"आदी कडी लाव," ते कुजबुजले. "पावण्यानं बघितलं तर काय वाटंल त्येला?"