तामसी ते वांकिडी, पायी

कंडक्टरकाका बसमध्ये कधी बसत नसत. निवृत्त झाल्यावरही, अर्धी गाडी रिकामी असली तरी, ते दाराजवळचा दांडा धरून उभेच. "बसलं का रस्ता दिसत नाई," म्हणायचे. आदिलाबादजवळच्या तामसीत त्यांच्या घराला लागूनच आमचं घर. मी पुढे गावातल्याच शाळेत मास्तर झालो, पण त्यांच्या लेखी शेजारचं पोरगंच राहिलो.

उभी नोकरी त्यांनी आदिलाबादहून उटनूरमार्गे वांकिडीला जाणाऱ्या गाडीवर काढली. त्या रस्त्यावरचा प्रत्येक उतार आणि प्रत्येक चिंच त्यांना पाठ होती. "पन सारं वरून वरून पाह्यलं रे. एकदा खालून पाह्यचं हाय." तामसी ते वांकिडी सगळी वाट पायी काढायची, आठ-दहा दिवस लागले तरी चालतील, एवढी एकच हौस होती. डॉक्टरांनी गुडघे पाहून सांगून टाकलं होतं, काय चालायचं ते वर्ष-दोन वर्षांत चालून घ्या.

कोणत्या टोकाकडून निघायचं याचा काकांनी जेवढा विचार केला, तेवढा लोक पोरीच्या लग्नाचाही करत नाहीत. चालायचं सकाळच्याच वेळी, आणि वांकिडी पूर्वेला. तामसीहून निघालं तर ऊन तोंडावर, वांकिडीहून निघालं तर पाठीवर. "तोंडावर ऊन असलं का मानूस मान खाली घालून चालते. मंग पाह्यचं काय?" म्हणून वांकिडीहून निघायचं ठरलं, आणि तिथेच माशी शिंकली.

वांकिडी ही काकांची सासुरवाडी. ते बसने तिथे पोहोचले आणि सकाळी चालत निघतो म्हणाले. मेव्हण्याने त्यांची पिशवी उचलून कोठीत ठेवली आणि कुलूप लावलं. "भाऊजी, आमच्या दारातून जावई पायी निगाला, तं गाव काय म्हनन आमाले?" मग चार दिवस भावकीतल्या घरोघरी जेवणं झाली. पाचव्या दिवशी दुपट्टा-टोपी देऊन जावयाला सन्मानाने बसमध्ये चढवून दिलं. काकी हसून म्हणाल्या, "मले इचारलं असतं तं मी सांगतलंच असतं. पन यायले उनालेच इचारायचं होतं."

पुढच्या वर्षी काकांनी तोंडावरचं ऊन पत्करलं. तामसीहूनच निघायचं, मी सोबत. एका सकाळी ते शेताकडून आले आणि कुंपणापलीकडून म्हणाले, "नाल्याचं पानी घोट्याखाली गेलं. ज्वारी पोटरीले आली, आता कनीस निगन. सोमवारी निगू." मी शाळेचं कारण सांगितलं. म्हटलं, "काका, संक्रांतीच्या सुट्ट्या लागू द्या, मग निघू." त्यांनी कुंपणाचा खांब धरला. मग म्हणाले, "बरं, थांबतो. एकट्यानं पाह्यलेलं सांगावं कोनाले?"

सुट्ट्या आठवड्यावर आल्या असताना त्यांना लकवा झाला. डावं अंग गेलं.

ठरलेल्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर काका खाटेवर बसलेले, पायांत नवे कापडी बूट. ते त्यांनी काकींकडून चढवून घेतले होते. मी खाटेशी टेकलो. "काका, माझ्यामुळं राहिलं," मी म्हणालो. जड जिभेने ते म्हणाले, "राह्यलं काऊन? तारीख आजचीच हाय ना?" आणि चांगला हात माझ्या खांद्यावर टाकला.

अंगण ओलांडून फाटकाबाहेर रस्त्यावर चार पावलं जायला आम्हाला अर्धा तास लागला. काका पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, मग खाली पाहिलं. "लई खड्डे हाय रे," म्हणाले. "गाडीतून इतके नाई दिसत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट नवं काही सापडल्याचा आनंद होता.

होळीच्या आधी ते गेले. तू थांबवलंस, असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा ज्वारी पोटरीला आली तेव्हा मी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. हेडमास्तर म्हणाले, "महिन्याभरात संक्रांतीच्या सुट्ट्या आहेत. तेवढं थांबता येणार नाही?"

मी म्हणालो, "नाही."