दाजींचे न पाहिलेले पावणे

ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसाशी वर्षानुवर्षं मनापासून भांडता येतं, हे दाखवून देणारा अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा होता. राहायला शिवाजी पेठेत, आणि कबनूरला यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. पेठेत भांडायला माणसं कमी नव्हती; फुटबॉलची एक मॅच झाली की आठवडाभराची सोय व्हायची. पण दाजींचं भांडण पेठेत मावणारं नव्हतं. सगळं जग कॉम्प्युटरवर जी सिस्टीम वापरत होतं तिच्याशी त्यांचं वैर होतं. तिचं नावसुद्धा ते घेत नसत, ‘ती विकतची’ म्हणत. त्यांची लाडकी ती लिनक्स. फुकट मिळणारी आणि कुणालाही आतून उघडून दुरुस्त करता येणारी. ‘पावणं,’ ते मला म्हणत, ‘मागाचं झाकण वेल्डिंग करून विकलं, तर कबनुरात एक तरी माणूस माग घेईल व्हय?’ मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. माग कसा चालतो हे मला ठाऊक नव्हतं, कॉम्प्युटर कसा चालतो हेही नव्हतं, त्यामुळे मी नेहमीच हरायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पेठेत सायबर कॅफे निघाला, आणि दाजींना रणांगण मिळालं. इंटरनेटवर कॉम्प्युटरवाल्यांचं एक चर्चामंडळ होतं, तिथे ते रोज इंग्रजीतून लिहीत. लिहिण्याची रीत मात्र घरच्या पत्राची. आधी समोरच्याची आणि त्याच्या आईवडिलांची खुशाली, मग त्याच्या अकलेचा यथास्थित उद्धार, आणि शेवटी जेवायचं आमंत्रण. जेवू घातल्याशिवाय भांडण पुरं होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. ब्राझीलच्या एका गृहस्थांनी ‘पांढरा रस्सा हे कोणतं सॉफ्टवेअर’ असं विचारल्याचं ते अभिमानाने सांगत. पुढे त्यांनी कॅफेतल्या एका मशीनवर मालकाला न विचारताच लिनक्स चढवली. काळा पडदा बघून गिऱ्हाइकं परत फिरायला लागली, तेव्हा मालक हात जोडून कॅफेच्या दारात उभा राहिला, आणि दाजींना घरी स्वतःचा कॉम्प्युटर घ्यावा लागला.

एका संक्रांतीला तर त्यांनी अक्काच्या हळदीकुंकवाचं वाण ठरवलं. वाट्या नकोत, डबे नकोत, लिनक्सच्या सीडी लुटायच्या. अक्काने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने त्या सीडींवर हळदीचं बोट ओढलं. बायकांना वाटलं, सिनेमाची गाणी असतील. कुणाच्या यंत्रातून आवाज निघाला नाही. महिनाभराने शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर त्या सीडी टांगलेल्या दिसल्या. उन्हात चमकायच्या, चिमण्या जवळ फिरकत नव्हत्या. ‘बघा,’ दाजी म्हणाले, ‘कुठंबी चालतीया.’

चर्चामंडळावरच्या सगळ्या शत्रूंत एक अव्वल होता. तो खरं नाव लिहीत नसे. ‘विकतची’ची बाजू तो इतक्या ठसक्यात मांडायचा की दाजी त्याला ‘माझा अमेरिकन’ म्हणत. त्याचं उत्तर आलं नाही तर दाजींना जेवण जात नसे.

अशातच त्यांनी माझाही कॉम्प्युटर मोकळा करायचं मनावर घेतलं. मी शाळेत असताना येऊन त्यांनी तो पार धुऊन काढला आणि लिनक्स घातली. फायली मात्र नीट जपल्या होत्या, तेवढी काळजी त्यांनी घेतली होती. संध्याकाळी मी माझं लिखाण उघडलं तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि वेड्यावाकड्या खुणा. त्या काळी मराठी फाँटांची गंमतच अशी होती की, पडद्यावर ‘क’ दिसला तरी कॉम्प्युटरच्या पोटात ते भलतंच इंग्रजी अक्षर असायचं. फाँट पुसला गेला आणि मराठीही गेली. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. आमचे वडील पेठेतले फुटबॉलचे रेफ्री. त्यांनी सांगितलेल्या जुन्या मॅचेसच्या आठवणी मी त्यात उतरवल्या होत्या. मधल्या काळात अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, त्यामुळे पुन्हा विचारायची सोय नव्हती.

मी दाजींना बोलावून आणलं. दाजी पडद्याकडे बघत राहिले. मग घरी गेले आणि त्या मंडळावर, जिथे त्यांनी कधी माघार घेतली नव्हती, तिथे लिहिलं: माझ्या हातून चूक झाली आहे, विकतच्या सिस्टीमवरचा अमुक जुना फाँट कुणाकडे असल्यास द्यावा, मदत हवी आहे. खुशाली विचारायचंही ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते त्या अमेरिकनाचं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत: ‘कोल्हापुरात कुठं येऊ?’

अमेरिकन जयसिंगपूरचा निघाला. लग्नपत्रिका छापायचा व्यवसाय. रविवारी एसटीने फाँट घेऊन दारात उभा राहिला. ठेंगणा, डोक्याला तेल लावलेला. दाजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘एवढ्या जवळ राहून इंग्रजीत शिव्या घातल्यासा?’ ते म्हणाले. ‘तुमीच सुरू केलासा की,’ तो म्हणाला. अक्काने ताटं वाढली.

जेवण झाल्यावर तो आपल्या फाँटात छापून देऊन मोकळा होणार होता. दाजी अडून बसले. पुन्हा कुणाच्या कुलपात ठेवायचं नाही, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा मराठीत आणायचं. मग दोघं रविवारमागून रविवार एकमेकांना मूर्ख ठरवत एकेका खुणेला तिचं अक्षर जुळवत बसले. काम झालं तेव्हा मी वडिलांच्या कॉटशेजारी बसून वाचायला लागलो. पेनल्टीवरून झालेल्या जुन्या राड्यापाशी आलो, आणि वडिलांचा धड असलेला हात वर उठला, रेफ्री निर्णय देताना उठतो तसा. निर्णय बदललेला नव्हता.

दाजी गेल्या वर्षी गेले, दुकानात काउंटरवर बसल्या बसल्या. दिवसकार्याला जयसिंगपूरचे ते गृहस्थ आले. जेवणं उरकल्यावर अक्काने मला सांगितलं, ह्यांनी एवढं काय काय लिहिलं ते मला वाचून दाखव. मी शोधलं. ते मंडळच कुणीतरी बंद केलं होतं, आणि दुसऱ्याचं अक्षर न् अक्षर जपणाऱ्या माणसाने आपल्या लिखाणाची प्रत कुठेच ठेवली नव्हती. मी ते अक्काला सांगितलं. मग त्या गृहस्थांना तिने विचारलं, ‘जिंकायचं कोण वो, तुमच्यात?’

‘तेच जिंकायचे की, वैनी,’ ते म्हणाले. खरं तर हे गृहस्थच दाजींपुढे एकाही मुद्द्यावर कधी हरले नव्हते, हे मला माहीत होतं.

‘मग रोज कशाला भांडत हुतासा?’

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘त्यांचं उत्तर यायचं की, वैनी,’ ते म्हणाले.