लाडवाच्या डब्यातली चिमी

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. आमच्याकडे ते फ्रीजरमध्ये साठतात, मटारच्या पिशवीमागे, जिथे अमेयने गोठवलेले उंदीर ठेवलेत. पाहुणा बर्फ घ्यायला जातो आणि एक किस्सा घेऊन परत येतो.

*

लग्न ठरायच्या आधी पुण्यातल्या एका कॅफेत अमेय म्हणाला, "तुला एक सांगायचंय. मेलबर्नला, माझ्या घरी..." आणि पाणी पीत बसला. तेवढ्यात मी मनातल्या मनात तिचं नाव, उंची, व्हिसा, सगळं ठरवून टाकलं.

"अजगराची तीन पिल्लं आणणार आहे. लायसन्स काढलंय."

इतकं हायसं वाटलं, की तिथेच होकार देऊन बसले.

*

मेलबर्नजवळ वेरिबीच्या घरात आधी मी आले, महिन्याने पिल्लं. पेन्सिलीएवढी. अमेयने हौसेने काचेची भलीमोठी पेटी घेतली, आत फांद्या, खडक, दिवा. सगळ्यात छोटी चिमी तिच्यात ठेवली. ती कोपऱ्यात वेटोळं करून बसली आणि जेवेचना. बाकीची दोघं ज्यांतून आणली त्या साध्या डब्यांतच होती, ती मजेत जेवत होती.

पिल्लं जिच्याकडून आणली ती ग्लेंडा आजी येऊन पेटी बघून गेली. "बाळाला फुटीच्या मैदानावर झोपवलंस, मेट. छोटं घर दे. अंगाला भिंत लागली पाहिजे."

चार बेडरूमच्या त्या घरात मलाही फक्त लाँड्रीत बरं वाटायचं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

*

मग एका आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, डँडेनॉन्गच्या भारतीय दुकानात डबे बघायला गेलो. अमेय प्रत्येक झाकण लावून बघत होता. "आतून ढकललं तर उघडेल का?"

दुकानदार बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भैया, लड्डू अंदर से धक्का नहीं मारते."

दोन किलो लाडवांचा डबा घेतला.

*

डब्याला हवेची भोकं पाडायला अमेयचा मित्र संदेश आला. तो घरं बांधायच्या साइटवर सुपरव्हायझर आहे. अमेयने अर्ध्या डब्याखाली हीट मॅट घातली, अर्धा गार ठेवला. लपायला दह्याचा कप उपडा घातला.

संदेशने वाकून डब्यातल्या खोल्या मोजल्या. "एक गरम खोली, एक गार, वर स्टडी. युनीत शिकताना आम्ही चौघं एका खोलीत राहायचो रे."

*

तरी चिमी जेवेना. ग्लेंडा म्हणाली, आता आणखी एक जेवण चुकलं तर व्हेटकडे न्यावं लागेल, फार बारीक झालीय. अमेय दर अर्ध्या तासाने झाकण उचलायचा. संदेश कामावरून येता येता डोकावायचा. मीही टॉर्च मारून बघायचे. आणि टेबलावर अमेय त्याच नजरेने माझ्या ताटाकडे बघायचा. "आवडलं नाही का? अजून घे ना. का गं?"

तेवढ्यात पुण्याहून सासूबाई आल्या. पाहुण्यांच्या खोलीत डबे होते. अमेयने त्यांना सांगितलं, "आई, त्यात रोपं आहेत."

त्या बरं म्हणाल्या.

*

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं चिमीच्या डब्याभोवती वाकलो होतो. आत कोमट केलेला नखाएवढा उंदीर, पलीकडे चिमी, दोघंही गप्प. मागून आवाज आला, "तुमचं रोप जेवत नाही वाटतं."

अमेय सावकाश उभा राहिला. "आई, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. रोपाला कुणी 'पिल्लू, खा ना' म्हणत नाही." त्या पुढे आल्या. "सगळे असे डोळे लावून बसलात तर तिच्या घशाखाली उतरेल का? मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या तिन्ही आत्या समोर बसून माझ्या पोळ्या मोजायच्या. दोन दिवस उपाशी होते मी."

त्यांनी डब्यावर आपला टॉवेल टाकला, आम्हाला खोलीबाहेर काढलं आणि दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. तासाभराने अमेयने टॉवेलचं टोक उचललं. उंदीर नव्हता. चिमीचं पोट मात्र मधोमध फुगलं होतं. अमेय तिथेच फरशीवर बसला आणि चक्क रडला.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. माझं ताट वाढलं, पोळ्यांचा डबा शेजारी ठेवला. मग अमेय आणि संदेशला म्हणाल्या, "चला रे, मला बाग दाखवा."

आणि जाताना दार ओढून घेतलं.