तोगाशी आजोबांचं स्वादुपिंड

नुमाझावाबाईंचा उजवा खांदा कायम दुखायचा. उभा जन्म लोकांच्या पोटावर प्रोब दाबण्यात गेला. जपानमधल्या साकाता शहरातल्या आमच्या इस्पितळात त्या सोनोग्राफी करायच्या आणि मी बाहेर नावं पुकारायचे. बाई शांत होत्या, पण तोगाशी आजोबा आले की दाराबाहेर आवाज ऐकू यायचा.

आजोबांचं सोबा नूडल्सचं दुकान होतं. वजन उतरत चाललं होतं, साखर अचानक वाढलेली. मूत्रपिंडं नाजूक, सीटी स्कॅनसाठी टोचायचं औषध त्यांना सोसणार नाही, म्हणून डॉक्टर म्हणाले, आधी सोनोग्राफीनंच स्वादुपिंड बघू.

पहिल्या खेपेला आजोबा वाडगाभर सोबा खाऊन आले.

"उपाशी यायला सांगितलं होतं ना?"

"चव न घेता रस्सा विकू होय?"

दुसऱ्यांदा उपाशी आले, तर पोटात गॅस. बाईंनी त्यांना कुशीवर वळवलं, श्वास रोखायला लावला, अंगाचा भार टाकून दाबलं. पडद्यावर नुसता पांढरा पट्टा आणि त्यामागे अंधार.

"आई गं! कणीक मळताय का, बाई? सुनेच्या पोटातल्या बाळाचं नाकसुद्धा दिसलं म्हणे. माझंच कसं दिसत नाही?"

"बाळ पाण्यात असतं, आजोबा. पाण्यातून मशीनचा आवाज सरळ जातो. मांसातून जाताना थोडा थोडा परत येतो, त्यावरूनच तर चित्र उमटतं. गॅसवर आपटला की जवळजवळ सगळाच माघारी! मागचं मला दिसणार कसं?"

"मग मशीन मोठ्यानं ओरडू द्या की!"

बाईंनी टॉवेल आदळला. 'स्वादुपिंड दिसले नाही' असं लिहिताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

तिसऱ्यांदा त्यांनी दुधाचा गार चहा पुढे केला. जठर भरलं की त्यातून आवाजाला वाट मिळते.

"मी दूध पीत नाही."

"आज प्यायचं."

शिव्या घालत आजोबांनी पेला संपवला. बाईंनी त्यांना बसतं केलं, प्रोब टेकवला. अंधार हटला. करडं स्वादुपिंड दिसलं, त्यातली फुगलेली नळी दिसली, आणि नळी जिथे अडली होती तिथे वाटाण्याएवढा काळसर डाग.

बाईंनी चित्र थांबवून डागाचं माप घेतलं.

"आज ओरडत नाही तुम्ही," आजोबा हळूच म्हणाले. "काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील."

"तुम्ही बघितलंत ना? मग तुम्हीच सांगा की."

"मला सांगता येत नाही, आजोबा," असं म्हणून बाईंनी त्यांच्या पोटावरचं जेल पुसलं. एरवी त्या नुसता टॉवेल हातात द्यायच्या.

महिन्याच्या आत ऑपरेशन झालं. गाठ वाईटच होती, पण पसरली नव्हती. आजोबा वाचले. मी आनंदानं सांगायला गेले, तर बाई चहाच्या खोलीत तोंड पाडून बसलेल्या.

"स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग तिसऱ्यांदाही दिसला नाही गं," त्या चिडून म्हणाल्या. "आणि चहा मी दुसऱ्याच खेपेला का नाही पाजला?"


पुढचा पेशंट आला होता, म्हणून मी नाव पुकारायला उठले.