पायातली नळी

माझ्या थोरल्या वहिनींच्या पोटात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. ठाण्याच्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया होऊन गाठ काढली. तोंडाने काही द्यायचं नव्हतं आणि हाताच्या शिरा सापडेनात. म्हणून घोट्याजवळची शीर उघडून तिच्यात बारीक नळी बसवली आणि त्यातून सलाईन सुरू केलं.

आमचं घर कळव्याला, नातलग पार डोंबिवली-कल्याणपर्यंत. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी वहिनींच्या पायांवर हात ठेवून नमस्कार करी, मग तब्येत विचारी. घरातली थोरली सून. तिच्या पाया नाही पडायचं तर कुणाच्या? एका रविवारी मी मोजले, संध्याकाळपर्यंत तेवीस नमस्कार झाले. घोट्यावरची पट्टी सुटलेली दिसली की कुणीतरी मायेने ती दाबून बसवी.

मीही रोज वाकत असे.

"अहो भाऊजी, घरी कधी वाकला नाहीत ते!"

"घरी तुमचे पाय एका जागी असतात कुठे?"

मग ताप चढला, एकशे तीन. पोटाची जखम स्वच्छ होती, औषधं चालू होती, तरी हटेना. रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाला, दादांना, आणि मला वहिनींसमोरच सांगितलं, "रक्तात बुरशी शिरली आहे. अशा आजाराने शक्ती गेली की ती बळावते. जंतूंवरच्या औषधांना ती दाद देत नाही, उलट तिला रान मोकळं मिळतं. आज मला गाठीपेक्षा हिची भीती जास्त वाटते."

"बुरशी?" वहिनी तापातही उसळल्या. "माझ्या लोणच्याच्या बरणीला आजवर कधी आली नाही!"

"आणि बरणीत कुणी ओला हात घातला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनींनी आपल्या पायाकडे पाहिलं. "इथे तर सारं गावच हात घालतंय."

नमस्कारांमुळेच हे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. पण नळी त्यांनी त्याच दिवशी काढून टाकली. बुरशीवर खात्रीचं औषध त्यांच्या हाताशी नव्हतं. वहिनींचं अंग किती झुंजतं, एवढंच पाहायचं राहिलं.

पहारा मात्र वहिनींनी स्वतःच सुरू केला. डोंबिवलीची धाकटी नणंद खाली वाकायला लागली तशा त्या ओरडल्या, "वन्सं, दारातूनच! माझ्या बरणीला हात नको."

ताप हळूहळू उतरत गेला. एका सकाळी नर्स म्हणाली, "अठ्ठ्याण्णव." दादांनी तिला थर्मामीटर झटकून पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेवढाच. चारचौघांत बायकोशी कधी दोन वाक्यं न बोललेले दादा सरळ तिच्या कॉटवर जाऊन बसले.

"अहो, उठा ना," वहिनी पुटपुटल्या. "भाऊजी बघताहेत."

दादा काही उठले नाहीत. मग मीच बाहेर गेलो.