सगळं हाताशी

भोरात आमची खोली अगदी भरवस्तीत होती, आणि त्याचा मला भारी तोरा होता. समोर दवाखाना, बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी, चार पावलांवर नळ. गावाकडचं कुणी आलं की हे सगळं मीच बांधल्यासारखा दाखवत फिरायचो. पासलीहून वडिलांच्या छातीचं दुखणं वाढल्याचा निरोप आला तेव्हाही एका दमात म्हणालो, "इकडेच आणा. इथं सगळं हाताशी आहे."

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. समोरचे डॉक्टर त्यांना रोज सुई टोचत आणि बजावत, "पोटभर खाऊ घाला. नुसत्या औषधानं काही व्हायचं नाही."

पहिल्याच सकाळी आबांनी विचारलं, "रान कुनीकडं?" मी त्यांना बोळामागचा संडास दाखवला. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक, खाली टोपली. तेवढ्यात सफाईची बाई आली. तिनं टोपली पाटीत उपसली, पाटी डोक्यावर घेतली आणि आम्हाला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली. आबाच मागं सरले. ती दिसेनाशी होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

"रोज येती ही?"

"हो."

"माजी घाण त्या बाईनं डोईवर न्यायची? म्या न्हाई बसायचो हितं."

इथली रीतच ही, तिला त्याचे पैसे मिळतात, असं मी समजावलं. ते म्हणाले, "आमी ढोराचं शेण उचलतो. मानसाचं कुनाला उचलाय लावत न्हाई."

मग ते काठी टेकत नदीकडं जाऊ लागले. एकदा दम लागून वाटेतच बसले, तेव्हा गिरणीवाल्यानं हाताला धरून घरी आणलं. डॉक्टरांनी चालणं बंद केलं.

त्या दिवसापासून आबांचं जेवण आटलं. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसती पेज. विचारलं की म्हणायचे, "भूक न्हाई." शेवटी बायकोनंच मला सांगितलं, "भूक आहे हो त्यांना. जायला लागू नये म्हणून जेवत नाहीत."

मला संताप आला. आबांचा, त्या टोपलीचा, माझ्या लाडक्या बोळाचा. मी म्हणालो, "आबा, घरातच भांडं ठेवू. मी स्वतः लांब नेऊन पुरीन."

"तू तरी का?" म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. माझा बाप माझ्या घरात उपाशी होता आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "गावी नेलं तर सुई बंद, इथं ठेवलं तर अन्न बंद. तुम्हीच ठरवा." मी काय कपाळ ठरवणार? आबांनीच ठरवलं. मार्गासनीपर्यंत एस.टी., तिथून धाकट्या भावाची बैलगाडी.

पोचल्या दिवशी त्यांनी कालवण मागून घेऊन भाकरी खाल्ली आणि एकटेच ओढ्याकडं जाऊन आले. महिनाभरात गेले. तेराव्याला भाऊ म्हणाला, "दादा, उपाशी न्हाई गेले आबा. जेवत हुते शेवटपतूर." त्याला मला धीर द्यायचा होता.

मी भोरला परतलो. सकाळी टमरेल घेऊन बोळामागं गेलो, तर ती बाई पाटी उचलत होती. मी खाली मान घालून उभा राहिलो. ती गेल्यावर आत गेलो. दुसरीकडं कुठं जाणार होतो?